ग्रुपवर टाकलं होतं की!

प्रति,
आमच्या पेठेतल्या तालमी, तरुण मंडळं, अपार्टमेंट, भिशी, भजनी मंडळं आणि गल्लीबोळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांचे समस्त ॲडमिन,
कोल्हापूर.

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या मागच्या बोळातल्या आक्का गेल्या. माझ्या दारापासून त्यांचं दार चाळीस पावलांवर. चाळीसेक वर्षांचा शेजार. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पहिलं बोलावणं त्यांचं, माझ्या थोरल्याच्या बारशाच्या घुगऱ्या त्यांनीच शिजवलेल्या. मंगळवारी दुपारी दवाखान्यात गेल्या आणि तिथूनच परस्पर पंचगंगेवरच्या स्मशानात नेलं. मी गुडघ्याच्या दुखण्यानं आठवडाभर उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. मला कळलं शुक्रवारी, भाजीवालीकडून. "रक्षाविसर्जनाला दिसला न्हाईसा काकू," असं ती म्हणाली तेव्हा हातातली मेथीची जुडी तशीच हातात राहिली.

तुमच्यातल्याच एका ॲडमिनला मी विचारलं. नाव लिहीत नाही, लहानपणी माझ्या मांडीवर खेळलेला पोरगा आहे. तो म्हणाला, "अहो काकू, ग्रुपवर टाकलं होतं की!"

ह्यातला शेवटचा 'की' बाहेरगावच्या माणसाला कळायचा नाही. 'मी माझं काम केलंय' हे त्यात आहे, 'लक्ष तुमचंच नाही' हेही आहे, आणि वर 'आता ह्यावर बोलण्यासारखं काय राहिलंय' असंही आहे.

चष्मा लावून बघितलं. होतं खरं. मंगळवारी संध्याकाळी टाकलेलं. त्याच्या वर गुलाबाच्या फुलावर 'शुभ मंगळवार', खाली कुणाची तरी सेकंडहँड मोपेड विकणे आहे. त्यानंतर एकसष्ट वेळा 'भावपूर्ण श्रद्धांजली'. एकसष्ट, मी मोजल्या. मधेच एकानं 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' टाकलेल्या, कारण त्याच दिवशी तालमीतल्या कुणाचा तरी वाढदिवस होता आणि दोन रांगा एकमेकींत शिरल्या होत्या. रक्षाविसर्जनाची वेळ आक्कांच्या मुलानं रात्री टाकली होती, तीही सापडली, पण खूप वर गेल्यावर. एकसष्ट माणसांनी हात जोडले आणि त्या हातांखाली वेळ गाडली गेली.

मला भांडायचं नाही. एकच गोष्ट सांगायची आहे, पण ती जरा लांबून सांगते, कारण माझं आयुष्य ह्याच कामात गेलं. ग्रुपवर टाकलं म्हणजे सांगितलं, असं होत नाही.

'टाकणे' हे क्रियापद पूर्वीही होतंच. पत्रसुद्धा आपण पेटीत टाकतच होतो. पण त्यावर एका माणसाचं नाव आणि पत्ता असायचा, आणि पोस्टमन त्या पत्त्यावर जायचा. आता टाकलेल्याला नाव नसतं. २१२ मेंबरांच्या ग्रुपात टाकलेली गोष्ट प्रत्येकाला वाटते की ती बाकीच्या २११ जणांसाठी आहे.

मी १९७८ साली टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. ट्रंकला, म्हणजे बाहेरगावचे फोन जोडून द्यायला. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, हातात कॉर्ड. आताच्या पोरांना हे सांगितलं की सिनेमात बघितल्यासारखं बघतात. पुण्याला बोलायचं तर आधी कॉल बुक करायचा आणि घरी फोनशेजारी बसून राहायचं. देशात लखनौ ते कानपूर सरळ नंबर फिरवून बोलायची सोय, म्हणजे एसटीडी, १९६० सालीच झाली होती, पण सगळ्या गावांपर्यंत ती पोचायला वर्षं गेली, आणि तोवर आमच्यासारख्या बायका मधे बसलेल्या होत्या.

त्या कॉलचे प्रकार होते. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग. अर्जंटला दुप्पट पैसे, लायटनिंगला त्याच्याही कितीतरी पट. बुकिंगला फोन आला की आम्ही पहिलं हेच विचारायचो. मग पलीकडं क्षणभर शांतता. त्या शांततेत माणूस दोन गोष्टी तोलत असायचा, खिसा आणि बातमी. मुलगा पास झाला, ऑर्डिनरी. बाळंतपण अडलंय, अर्जंट. लायटनिंग म्हटलं की आमच्याही पोटात गोळा यायचा. म्हणजे बातमी किती महत्त्वाची आहे ते सांगणाराच आधी ठरवायचा, आणि ठरवायला त्याला पैसे पडायचे म्हणून तो नीट ठरवायचा.

आज सगळं एकाच भावात आहे. २०१६ नंतर डेटा इतका स्वस्त झाला की गुलाबाचं फूल, मोपेड आणि आक्कांचं मरण, तिन्ही फुकट जातात आणि तिन्हींचा 'टुंग' एकसारखा वाजतो. फोनला त्यातलं काही कळत नाही. कळायचं तर आपल्यालाच.

दुसरा एक प्रकार होता, पीपी कॉल. म्हणजे अमुक माणसालाच बोलवा. नाव सांगायचं, आणि तो माणूस प्रत्यक्ष फोनवर येईपर्यंत आम्ही वेळ मोजायला सुरुवात करायची नाही. शेजाऱ्याच्या दुकानातला फोन, दुकानदार पोराला पिटाळायचा, पोरगा वाड्यात पळत जायचा, कुणीतरी ओले हात पदराला पुसत धापा टाकत यायचं, 'हॅलो' म्हणायचं, आणि मग आम्ही तिकिटावर वेळ लिहायचो. निरोप पोचला की नाही ह्याची खात्री त्या खात्याच्या हिशेबातच बसवलेली होती. तीन मिनिटं झाली की 'तीन मिनिटं झाली' असं मधे बोलून सांगायचो, त्याबद्दल पुष्कळांच्या शिव्या खाल्ल्यात. माझ्या वयाच्या कुणाला भेटलात तर एखादी शिवी त्यांच्याकडं अजून बाकी असेल.

जाता जाता एक गंमत. आपल्याकडं बायका 'मी आलो', 'मी ठेवतो' असं बोलतात. एकदा पुण्याच्या ऑपरेटरनं मला लाइनवर विचारलं, "आवाज बाईचा आहे आणि बोलणं बाप्याचं, तुमची पार्टी नक्की कोण?" मी म्हटलं, पार्टी कोल्हापूरची आहे, जोडून टाका.

मग एसटीडीचे पिवळे बोर्ड आले. रात्री उशिरा दर कमी व्हायचे म्हणून जेवणं उरकून बूथबाहेर रांगा लागायच्या, आतल्या बाईचं रडणं काचेतून बाहेर सगळ्यांना ऐकू यायचं आणि रांगेतले लोक मुद्दाम दुसरीकडं बघायचे. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, तोही आम्ही खात्यात असताना, चेष्टेचा विषय म्हणून. येणाऱ्या फोनलाही पैसे पडायचे, कोण घेणार असलं? आमचं गणित किती चुकलं ते तुमच्या खिशात आहे.

मिस्ड कॉल हे मात्र आपल्या लोकांचं खरं डोकं. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये, तीन म्हणजे तूच फोन कर, माझ्यात बॅलन्स नाही. फोन न उचलता बोलायची भाषा कुठल्या कंपनीनं शिकवली नव्हती.

आणि एसएमएस. त्याचं एक गणित फार कमी लोकांना माहीत आहे. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावतात आणि मराठीची ७०. कारण मेसेजची जागा मोजून १४० बाइट. इंग्रजीचं एक अक्षर सात बिटांत बसतं, देवनागरीला सोळा लागतात. त्यात काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजली जाते. म्हणजे 'कोल्हापूर' लिहिलं की सत्तरातली नऊ गेलीच. दोन मेसेजचे पैसे नकोत म्हणून एक अख्खी पिढी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला शिकली, आणि आता पैसे पडत नाहीत तरी तसंच लिहिते. मला ते वाचता येत नाही असं नाही, पण 'kaku' असं आलेलं... क्षमा करा, ते इथं देवनागरीतच लिहायला हवं, 'काकू' असं इंग्रजीत आलेलं वाचून मला कुणी हाक मारली असं वाटत नाही.

तार २०१३ च्या जुलैत बंद झाली. तारेत शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना आकडे होते. आकडा सांगायचा, पलीकडं छापील वाक्य निघायचं. तुमचे स्टिकर तेच आहेत, फक्त आता हलतात. म्हणून 'आमच्या वेळी सगळं मनापासून होतं' असं मी म्हणणार नाही. आम्हीही मन आकड्यात घालून पाठवलेलं आहे. फरक एवढाच की तार दारात यायची. लग्नाची असली तरी तारवाला दिसला की घरातली बाई आधी मटकन खाली बसायची, मग सही करायची.

आता ग्रुपबद्दल चार चांगले शब्द, कारण ते खरे आहेत. माझी धाकटी बहीण शिरोळ तालुक्यात असते. लिहिता येत नाही. तिनं आयुष्यात मला एक पत्र लिहिलं नाही, पण आता रोज रात्री आवाजाचा मेसेज येतो. मागं म्हशीचं रेकणं, भांड्यांचा आवाज, नवऱ्याला मधेच 'थांबा जरा, मी ताईशी बोलतोय.' कितीही महागाचा ट्रंक कॉल केला असता तरी ती म्हैस मला ऐकू आली नसती. नातू परदेशातून व्हिडिओ कॉलवर पुरणपोळी कशी लाटायची विचारतो, पीठ कॅमेऱ्याजवळ धरतो आणि मी इथून 'अजून मऊ' म्हणते. ह्याला मी नावं ठेवणार नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, आणि पाणी ५५ च्या वर गेलं. हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही. तेव्हा ह्याच ग्रुपांनी माणसं काढली. कुठल्या गच्चीवर किती जण, कुठं औषध हवंय, कुणाकडं बोट आहे, सगळं फोनवर चाललं. तालमीची पोरं गळ्याइतक्या पाण्यात शुक्रवार पेठेत, दुधाळीत उतरली ती हातातल्या फोनवर पत्ता बघत बघत. त्याबद्दल कोल्हापूर तुमचं ऋणी आहे, आणि हे मी तोंडदेखलं लिहीत नाही.

पण त्याच पुरात एका रात्री आमच्या ग्रुपवर एक आवाजाचा मेसेज आला. नाव नाही, गाव नाही. 'राधानगरीचे सगळे दरवाजे एकदम सोडलेत, दोन तासांत महाद्वार रोडला पाणी, जमेल तेवढ्यांना पाठवा.' लोकांनी पाठवलं. वरच्या मजल्यावरची बाई सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन भर पावसात रस्त्यावर आली, कुठं जायचं तेही ठरलं नव्हतं. राधानगरी धरणाचे ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाण्याची पातळी चढली की आपोआप उघडतात, उतरली की मिटतात. 'सोडायला' तिथं कुणी हात लावत नाही. हे कोल्हापुरात शाळेतल्या पोराला माहीत असतं. तरीही आवाज ऐकला की सुचत नाही, कारण आवाजात घाबरेपण होतं आणि घाबरेपण अक्षरांपेक्षा लवकर लागतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा तर २०१९ चेच व्हिडिओ 'आत्ताचं' म्हणून फिरत होते. मागं दुकानाची जुनी पाटी दिसत होती, ती पाटी मधल्या काळात बदललीय, हेही कुणी बघितलं नाही.

पुढं जाणाऱ्या मेसेजवर एक बाण असतो. पाच किंवा जास्त हातांतून आलेल्यावर दोन बाण असतात, आणि तसला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ही एका ठिकाणाची मर्यादा व्हॉट्सॲप कंपनीनं २०२० मध्ये घातली, म्हणजे तिलाही दम लागला होता. दोन बाण म्हणजे मूळ सांगणारा कोण ते कुणालाच माहीत नाही. ट्रंकवर आम्ही असली पार्टी जोडलीच नसती. 'आपण कोण बोलताय?' हा आमचा दुसरा प्रश्न होता. पुरात विचारायचं असेल तर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ आहे, तिथं माणूस बोलतो. आणि २०२३ मध्ये एकदा सगळ्यांचे फोन एकाच वेळी किंचाळले होते, आठवतंय? अनेकांनी फोन बंद करून कपाटात ठेवले. ती सरकारची इशाऱ्याची चाचणी होती. त्या पद्धतीत नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, टॉवरच्या टापूत जेवढे चालणारे फोन तेवढ्यांवर इशारा जातो. माझ्या मनातल्या लायटनिंगच्या सगळ्यात जवळ जाणारं तेच.

त्या पुरात आमच्या पेठेची वीज गेली आणि दीड दिवसात मोबाइल एकेक करून मेले. आमच्या घरातला तांब्याच्या तारेचा जुना फोन चालू होता. त्याला वीज घरातून लागत नाही, एक्स्चेंजच्या बॅटरीतून तारेतूनच येते. गल्लीतल्या अकरा घरांनी त्यावरून 'आम्ही बरे आहोत' एवढं सांगितलं. पोरं हसायची त्या फोनला. आता तोही गेला, तांब्याच्या जागी काचेची तार, म्हणजे फायबर, आली, आणि तिच्या डब्याला घरातलीच वीज लागते. तेव्हा पुढच्या खेपेला माझ्या भरवशावर राहू नका. रेंज अगदीच मंद झाली की साधा एसएमएस पाठवा, इंटरनेट नसलं तरी तो जातो. सत्तर अक्षरांत 'आम्ही सुखरूप, शाळेत आहोत' बसतं.

आता मूळ मुद्द्यावर. ग्रुपात कोण नाही?

आक्कांचं कळल्यावर मी एक वही घेतली आणि चार संध्याकाळी, गुडघा जेवढा चालेल तेवढं, गल्ली आणि दोन्ही बोळ फिरले. चौदा घरं निघाली. एक शाहू मिलमधले जुने कामगार. बटणाचा फोन, त्यात आकडे मोठे. त्यांना मेसेज नको, फोन हवा, आणि तोही दुपारी दोननंतर, कारण त्याआधी झोपलेले असतात. एका घरात फोन एकच आणि तो नवऱ्याबरोबर शिरोली एमआयडीसीला जातो. रात्रपाळी असली की घरातली बाई आणि तीन पोरं सकाळपर्यंत जगापासून तोडलेली. एक आजी आहेत, फोन चांगला आहे, पण दिसत नाही. त्यांना आवाजाचा मेसेज चालतो. नातवानं फोनला मजकूर वाचून दाखवायला शिकवलंय, तेही चालतं. पण तुम्ही निधनवार्ता फोटोत घालता, समईचं चित्र, वळणदार अक्षरं, आणि चित्रातली अक्षरं तो फोन धड वाचत नाही. आजींना फक्त 'फोटो' एवढंच ऐकू येतं. आणि कोपऱ्यावरचे टेलर. त्यांना ऐकू येत नाही. त्यांना फोन करणं म्हणजे भिंतीशी बोलणं. त्यांना लिहूनच सांगायला हवं, ग्रुप हा त्यांच्यासाठी देवानं पाठवलेला आहे. पण दुकान बोळाच्या तोंडाला, 'आपल्या गल्लीत येत नाही' म्हणून त्यांना कुणी घेतलेलंच नाही.

म्हणजे बघा, सगळ्यांना फोन करा असंही माझं म्हणणं नाही. एकाला फोन, एकाला आवाज, एकाला अक्षर, एकाच्या दाराची कडी. गावाकडं दवंडी होती तेव्हा कोतवाल हलगी वाजवत फिरायचा, आणि एकदा ओरडून मोकळा होत नव्हता. चौकाचौकात थांबून पुन्हा सांगायचा, वाटेत बहिरा म्हातारा दिसला तर हलगी बंद करून त्याच्या कानाशी जायचा. लहानपणी मामाच्या गावाला हे मी बघितलंय.

माझं मागणं फार नाही. एक वेगळा ग्रुप करा ज्यात फक्त ॲडमिनला लिहिता येईल. ती सोय फोनमध्ये आहे. त्यात मरण, पाणी, पूर आणि हरवलेलं माणूस, एवढंच. श्रद्धांजली, हात, फुलं नेहमीच्या ग्रुपात. निरोप अक्षरांत लिहा. कोण, कुणाचे कोण, केव्हा, कुठं, हे पहिल्या ओळीत. टाकून झाल्यावर तासाभरानं त्या मेसेजवर बोट दाबून 'इन्फो' बघा. कुणी वाचलं आणि कुणाकडं नुसतंच पोचलं ते नावानिशी दिसतं. ग्रुपात निळ्या खुणा लपवता येत नाहीत, हे निळ्या खुणा बंद करून बसलेल्या शहाण्यांनाही सांगून ठेवा. ज्यांची नावं खालच्या यादीत राहिली त्यातल्या म्हाताऱ्यांना फोन. आणि चौदा घरांसाठी माणसं नेमून द्या. तालमीत फुटबॉलला अकरा पोरं रोज पहाटे उठतात, त्यातल्या सातांनी दोन-दोन घरं घेतली तर झालं. पीपी कॉलसारखं. तो माणूस समोर येऊन 'कळलं' म्हणेपर्यंत निरोप पोचला असं धरायचं नाही.

चौकातला फळा पुसून तिथं वाढदिवसाचं डिजिटल पोस्टर लावलंय, तेवढं काढा. फळ्यावर खडूनं 'रक्षाविसर्जन उद्या सकाळी ८' लिहिलेलं दूधवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे वाचायचे. फळ्याला चार्जिंग लागत नव्हतं.

फोनचा विषय निघालाच आहे म्हणून दोन ओळी. 'लग्नपत्रिका' म्हणून फाइल आली आणि तिच्या नावाच्या शेवटी एपीके असलं तर उघडू नका, ते फोनमध्ये शिरायचं दार आहे. पत्रिका कुणाची ते विचारायला फोन करा. तेवढ्यानं लग्नघराला बरंच वाटेल. व्हिडिओवर गणवेशातला माणूस 'डिजिटल अरेस्ट' म्हणाला तर ठेवून द्या, कायद्यात असली अटक नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ह्या सायबर मदतीच्या नंबरावर फोन. आणि हे ग्रुपवर टाकून थांबू नका, हेही त्या चौदा घरांत सांगायचं आहे.

हे पत्र मी फुलस्केपवर हातानं लिहिलंय. पुतण्या टाइप करून तुमच्या ग्रुपांवर टाकणार आहे, म्हणजे टाकायचंच आहे, दुसरा इलाज नाही. इंग्रजी अक्षर एक मधे आलंय ते तो काढतो म्हणालाय, नाही काढलं तर माझी चूक समजा. चौदा घरांत मी स्वतः जाऊन वाचून दाखवतेय. काल टेलरांकडं गेले. कागद त्यांच्या हातात दिला. पहिला परिच्छेद वाचून ते थांबले, वर बघितलं, मग उठून मागच्या दोरीवरून एक ब्लाउज काढून माझ्यासमोर ठेवला. कॉलरच्या बाजूला टाचणीनं चिठ्ठी, आक्कांचं नाव. कापडावर खूण करायच्या खडूनं त्यांनी टेबलावर लिहिलं, 'महिना झाला. न्यायला आल्या नाहीत.'

आपली,
पेठेतली एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर